सिंहगडचा पोवाडा : पुरावा कशाचा?

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत पोवाड्यास कोणतें स्थान द्यावें हा वाद जुना आहे. आणि त्याचीं जीं दोन उत्तरें वारंवार ऐकूं येतात, तीं दोन्हीं आमच्या मतें अपुरीं आहेत. एक पक्ष पोवाड्यांतील प्रत्येक चरण म्हणजे घडलेल्या गोष्टीची नोंद असें समजून चालतो. दुसरा पक्ष, एखादें अस्सल पत्र पोवाड्याच्या विरुद्ध गेलें कीं, सबंध पोवाडा कल्पित ठरवून बाजूस सारतो. वरवर पाहतां हे पक्ष परस्परविरोधी दिसतात. परंतु दोघेही पोवाड्यास एकच प्रश्न विचारतात : त्या दिवशीं काय घडलें? पहिला त्याच्या उत्तरावर भरंवसा ठेवतो, दुसरा ठेवीत नाहीं, इतकाच भेद. पोवाडा दुसऱ्याच एका प्रश्नाचें उत्तर देत असेल, ही शंका दोघांसही येत नाहीं. तुळसीदास शाहिराचा सिंहगडचा पोवाडा घेऊन ही गोष्ट तपासून पाहण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम पोवाड्याच्या जातीविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. ‘पवाडा’ हा शब्द ज्ञानेश्वरींत पराक्रम, थोरवी अशा अर्थानें आलेला आहे. शिवकालांत त्याच नांवाची गाण्याची रचना आपल्यापुढें येते. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा आज उपलब्ध असलेल्या पोवाड्यांत आद्य मानला जातो. त्याच्या कर्त्याचें नांव कोणी अज्ञानदास तर कोणी अगीनदास असें वाचतात. डफ, तुणतुणें व झांज यांच्या साथीनें, जत्रेंत, चावडीपुढें, वाड्याच्या चौकांत, रात्र रात्र चालणारी ही करमणूक होती. मुख्य शाहीर कथा पुढें नेतो, झीलकरी सूर धरून पालुपद उचलतात, मध्येंच गद्यांत संभाषण होतें, आणि श्रोत्यांच्या मुद्रा पाहून प्रसंग लांबतो किंवा आंखडतो. पोवाडा हा कागदावर जन्मलेला ग्रंथ नव्हे. कागदावर तो मागाहून आला, आणि येतांना पुष्कळसें वाटेंत सांडून आला. संशोधकानें ही गोष्ट क्षणभरही दृष्टीआड करूं नये.

आतां प्रसंगाकडे वळूं. सन १६६५ च्या जून महिन्यांत पुरंदरचा तह झाला आणि शिवाजी महाराजांस तेवीस किल्ले मोंगलांच्या हवालीं करावे लागले. कोंडाणा त्यांपैकीं एक. सन १६७० च्या आरंभीं मोंगलांशीं पुन्हां बिघाड झाला व गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू झाली. माघ वद्य ९ शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० रोजीं रात्रीं तानाजी मालुसरे यांनीं कोंडाणा सर केला व त्यांत त्यांचा देह पडला. पुढच्याच महिन्यांत नीळोपंतांनीं पुरंदर परत मिळविला. राजकारणाच्या पटावर पाहतां कोंडाण्याचा छापा हा एका मोठ्या योजनेंतला एक डाव होय.

या प्रसंगाची जवळच्या काळांतली सविस्तर मराठी हकीकत कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरींत आहे. ती सन १६९७ च्या सुमारास, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली गेली. म्हणजे प्रसंगानंतर सुमारें सत्तावीस वर्षांनीं. सभासद सांगतो तें थोडक्यांत असें : तानाजीनें पांचशें माणूस घेतलें, निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेले, उदेभान रजपुताशीं झुंज झाली, तानाजीची ढाल तुटली, तेव्हां त्यानें डाव्या हाताचीच ढाल करून वार सोसले, दोघेही पडले, मग भाऊ सूर्याजी यानें फिरलेले लोक सांवरून गड घेतला, आणि पागेच्या खणांस आग लावून महाराजांस खूण दिली.

तुळसीदासाचा पोवाडा हाच प्रसंग घेतो. पण पाहतां पाहतां तो आपल्याला निराळ्याच जगांत नेतो. येथें प्रतापगडावर जिजाबाई आहेत. त्यांची नजर उन्हांत झळकणाऱ्या कोंडाण्यावर जाते. त्या महाराजांस राजगडाहून बोलावून घेतात, त्यांच्याशीं फांशांचा डाव मांडतात, डाव जिंकतात आणि पणाचें दान म्हणून तो गड मागतात. तानाजी आपल्या गांवीं मुलाच्या, रायबाच्या, लग्नाच्या तयारींत आहे. बोलावणें येतें, लग्न तसेंच राहतें. बरोबर ऐंशी वर्षांचा शेलारमामा निघतो. कडा चढण्यास घोरपड लागते. गडावर उदेभानाचा हत्ती चंद्रावळी आहे, सिद्दी हिलाल आहे. एकेक अडथळा पार करीत तानाजी उदेभानापर्यंत पोंचतो.

दोन्हीं हकीकती शेजारीं ठेवल्या म्हणजे भेद तीन ठिकाणीं उठून दिसतात.

पहिला भेद कारणाचा. बखर व पत्रें यांच्या आधारें पाहतां कोंडाण्यावरील हल्ल्यामागें पुरंदरचा तह, त्या तहाचा जांच आणि मोंगलांशीं झालेला बिघाड, अशी मालिका दिसते. पोवाड्यांत तहाचा मागमूस नाहीं. गड हवा, कारण आईनें तो मागितला. दुसरा भेद साधनाचा. सभासदाचे मावळे स्वतःच्या हातापायांनीं कडा चढतात. त्यांच्या चपळाईस वानराची उपमा पुरेशी होते. पोवाड्यांत उपमेचें काम संपतें आणि एक खराखुरा प्राणीच कथेंत शिरतो. तिसरा भेद पात्रांचा. सभासदाच्या हकीकतींत तानाजी हा हजारी मावळ्यांचा अधिकारी आहे; त्याला भाऊ आहे, पण घर नाहीं. पोवाड्यांत त्याला मुलगा आहे, मामा आहे, गांव आहे, दारांत घातलेला मांडव आहे.

याच ठिकाणीं ‘सिंहगड’ या नांवाचाही विचार केला पाहिजे. तानाजीच्या मरणानें कोंडाण्याचें नांव सिंहगड झालें ही समजूत महाराष्ट्रांत शाळकरी पोरालाही पाठ आहे. परंतु सन १६६३ च्या एप्रिलांतील शिवाजी महाराजांच्या पत्रांत या गडाचा उल्लेख ‘सिंहगड’ असाच आलेला आहे. म्हणजे तानाजी पडण्यापूर्वीं जवळजवळ सात वर्षें तें नांव चालू होतें. याहून सूक्ष्म, आणि आमच्या मतें अधिक बोलका, पुरावा सभासदांतच आहे. तानाजी पडल्याचें ऐकून महाराजांनीं काढलेल्या उद्गारांत सभासदानें कोटी केली आहे ती ‘गड’ या शब्दावर : एक गड हातीं आला, पण तानाजीरूपी दुसरा गड गेला, असा तिचा आशय आहे. तींत सिंह नाहीं. सिंह मागाहून आला. आणि तो गडाच्या आधींच्या नांवांतून उचलला गेला असावा हें उघड दिसतें. लोकस्मृतीनें कार्यकारणभाव उलटा केला. नांवावरून उद्गार तयार झाला, आणि मग उद्गारावरून नांव पडलें असें सांगण्यांत येऊं लागलें.

येथवर आल्यावर दुसऱ्या पक्षाचे लोक म्हणतील, ‘आम्हीं तरी दुसरें काय म्हणत होतों? पोवाडा टाकाऊ ठरला.’ आमचें म्हणणें नेमकें याच्या उलट आहे. पोवाडा सन १६७० चा साक्षीदार म्हणून कमकुवत ठरला, एवढेंच सिद्ध झालें. ज्या श्रोत्यांपुढें तो पिढ्यान्‌पिढ्या गाइला गेला, त्या श्रोत्यांचा साक्षीदार म्हणून तो अजून तपासला गेलेलाच नाहीं. आणि त्या बाबतींत त्याच्या तोडीचें दुसरें साधन आपल्यापाशीं नाहीं. दफ्तरांत वतनें बोलतात, महसूल बोलतो, सरदारांचे तंटे बोलतात. चावडीपुढें घोंगडी टाकून बसलेल्या मनुष्याला राज्य म्हणजे काय वाटत होतें, हें दफ्तर सांगत नाहीं.

आतां वरचे तीन भेद या दृष्टीनें पुन्हां वाचावे. तहाची कलमें गांवच्या श्रोत्याला माहीत नव्हतीं, आणि माहीत असतीं तरी त्यांवर त्याचें रक्त उसळलें नसतें. आईचा शब्द मात्र त्याला कळत होता. शाहिरानें राज्याची गरज घराच्या भाषेंत सांगितली : राजा हा मुलगा झाला, राज्याची निकड ही आईची मागणी झाली. फांशांचा डावही निरर्थक नाहीं. सोंगट्यांचा खेळ हा घराघरांतला विरंगुळा. आणि पणांत हरलेलें दिलेंच पाहिजे हा त्याचा कायदा राजालाही लागू. ज्या राज्यांत राजा आपल्या शब्दानें आणि खेळाच्या नियमानें बांधलेला आहे, तें राज्य आपलें, असें श्रोत्याला वाटावें अशी ही योजना आहे. महाभारतांतील द्यूताची आठवण असलेल्या श्रोत्यांपुढें हा डाव मांडला आहे, हेंही विसरूं नये. तेथें राज्य पणाला लागून गेलें; येथें पणामुळें गड मिळाला.

रायबाच्या लग्नाचें तसेंच. कुणब्याच्या घरांत मुलाच्या लग्नाहून मोठें कार्य नाहीं; त्यासाठीं तो कर्ज काढील, बैल विकील, पण मुहूर्त टळूं देणार नाहीं. तो मुहूर्त तानाजीनें टाळला, हें सांगितल्यावर पराक्रमाचें माप श्रोत्याच्या हातीं आपोआप आलें. तें माप त्याच्या घरचेंच होतें. आणि ऐंशी वर्षांचा मामा लढाईस निघतो, तेव्हां राज्य हें केवळ तरण्या शिपायांचें व सरदारांचें राहत नाहीं. तें सबंध भाऊबंदकीचें, गणगोताचें होतें. पुरंदर परत मिळविणें ही राजकारणाच्या दृष्टीनें कोंडाण्याहून कमी महत्त्वाची गोष्ट नव्हती. तरी नीळोपंतांचा विजय लोकांच्या ओठीं राहिला नाहीं, तानाजीचा राहिला. याचें कारण किल्ल्यांच्या उंचींत शोधून सांपडणार नाहीं. तें थांबलेल्या लग्नांत आहे.

ही घडवणूक तुळसीदासापाशीं थांबली नाहीं. सन १९०३ मध्यें हरि नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी आली. तींत कमलकुमारीच्या संकटाची कथा या प्रसंगास जोडली गेली, आणि बखरींतली व पोवाड्यांतली झुंज कादंबरीच्या वाचकाला रुचेल अशा नव्या पेचांत बसविली गेली. विनायक दामोदर सावरकरांनीं याच गडाचा पोवाडा नव्यानें रचिला, त्या वेळीं श्रोते होते ते परक्या सत्तेखालचे तरुण. सन १९३३ मध्यें प्रभात कंपनीचा ‘सिंहगड’ हा बोलपट निघाला, आणि सन २०२० मध्यें तान्हाजीवरील हिंदी चित्रपटानें हा मावळा महाराष्ट्राबाहेरच्या प्रेक्षकांपर्यंत नेला. प्रत्येक पिढीनें आपल्या करमणुकीच्या साधनांतून तानाजीस पुन्हां घडविलें, आणि तसें करतांना आपण कोण हेंही थोडें थोडें ठरविलें. राष्ट्राची ओळख केवळ लढायांनीं व तहांनीं सिद्ध होत नाहीं. ती लढाई पुढें कोणत्या रात्रीं, कोणापुढें, कोणत्या वाद्यावर गाइली गेली, यावर ती पुष्कळ अंशीं अवलंबून असते.

मग पोवाड्यांच्या संपादनाकडे टीकाकारानें कोणत्या दृष्टीनें पाहावें? सन १८९१ मध्यें हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह छापला. गोंधळ्यांच्या व शाहिरांच्या तोंडून पोवाडे मिळवून ते मुद्रित करण्याचें हें काम त्या काळीं करणारा दुसरा कोणी नव्हता. तें झालें नसतें तर आपली हानि मोजतां आली नसती. सन १८९४ मध्यें ॲक्वर्थ यांनीं कांहीं पोवाड्यांचें इंग्रजी पद्यांत रूपांतर प्रसिद्ध केलें. पुढें यशवंत नरसिंह केळकर यांनीं ‘ऐतिहासिक पोवाडे’ या नांवानें सन १९२८, १९४४ व १९६९ असे तीन खंड काढून, पोवाड्यास ऐतिहासिक टीपांची जोड दिली व अभ्यासाची पातळी पुष्कळच उंचावली. हें ऋण मान्य करूनच पुढील आक्षेप घेतला आहे.

आक्षेप असा कीं, या मुद्रित परंपरेनें एकंदरींत वाचकाच्या मनांत ‘पोवाड्याचा एक शुद्ध पाठ असतो’ ही कल्पना रुजविली. ग्रंथाचा मूळ पाठ शोधावा लागतो, कारण ग्रंथकर्त्यानें तो एकदां लिहिलेला असतो. पोवाड्याचें तसें नाहीं. मावळांतला गोंधळी, खानदेशांतला शाहीर आणि पुण्याच्या पेठेंतला फड यांनीं गाइलेला एकच पोवाडा तीन ठिकाणीं तीन प्रकारचा होईल; आणि ते तीन पाठ म्हणजे एकाची शुद्ध व दोघांची अशुद्ध प्रत नव्हे, तर तीन श्रोतृसमुदायांचे तीन पुरावे होत. त्यांतून उत्तम ओळी निवडून एक सुबक पाठ बनविला, कीं तिन्हीं पुरावे एकदम नष्ट होतात. पद्य रूपांतराची तर गोष्टच वेगळी. परभाषेच्या यमकांत बसविलेला तानाजी वाचावयास गोड लागेल. पण त्यावरून मूळ शाहिराचा एक शब्दही सिद्ध करतां येणार नाहीं.

हा अनुभव आपल्यालाच आला असें नाहीं. स्कॉटलंडच्या सरहद्दीवरचीं वीरगीतें वॉल्टर स्कॉटनें सन १८०२-०३ मध्यें प्रसिद्ध केलीं. निरनिराळ्या पाठांतल्या ओळी एकत्र करून, जेथें उणीव दिसली तेथें स्वतःचा हात फिरवून. ज्या वृद्ध स्त्रीकडून त्यानें कांहीं गीतें मिळविलीं, तिनेंच त्याला बोल लाविला, कीं हीं गीतें गाण्यासाठीं होतीं, वाचण्यासाठीं नव्हतीं, आणि छापून त्यांचा नाश झाला; असें तिचा मुलगा कवि जेम्स हॉग यानें नमूद करून ठेविलें आहे. याच्या उलट अमेरिकेंतील फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यानें सन १८८२ ते १८९८ या काळांत निघालेल्या आपल्या संग्रहांत ३०५ गीतें घेतलीं आणि प्रत्येकाचे मिळतील तितके पाठ वेगवेगळे, जसेच्या तसे छापले. स्कॉटचें पुस्तक अधिक गोड आहे. संशोधकाच्या उपयोगीं पडतें तें चाइल्डचें.

याहून कठोर धडा बोहेमियांतला आहे. सन १८१७ मध्यें वाट्स्लाव हांका यानें एक ‘प्राचीन’ चेक हस्तलिखित सांपडल्याचें जाहीर केलें. त्यांतील वीरकाव्यांवर चेक लोकांच्या कैक पिढ्या पोसल्या. सन १८८६ मध्यें भाषाशास्त्रज्ञ गेबाउअर व टी. जी. मासारिक यांनीं मासारिकच्याच ‘अथेनेउम’ नियतकालिकांत त्या हस्तलिखितांवर उघड शंका घेतली, तेव्हां त्यांस राष्ट्रद्रोही म्हणण्यापर्यंत मजल गेली. खोट्या कागदावर राष्ट्राचा अभिमान उभा करूं नये, अशी मासारिक यांची भूमिका होती. त्या चिकित्सेनें चेक राष्ट्र बुडालें नाहीं. सन १९१८ मध्यें तें स्वतंत्र झालें आणि तोच मासारिक त्याचा पहिला अध्यक्ष झाला. आपला पोवाडा बनावट नाहीं. तो खरोखरीच्या लोकांनीं खरोखरीच गाइलेला आहे. पण त्याला जी साक्ष देतां येत नाहीं ती त्याच्याकडून वदवून घेऊं लागलों, तर खऱ्या वस्तूचाही आपल्या हातून खोटा दस्तऐवज होतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. शाहिराच्या घरचें जुनें बाड हातीं आलें, तर त्यांतील ऐतिहासिक पोवाडा तेवढा उतरून घेऊन लावण्या, भेदिक, हिशेबाचे आंकडे असलेलीं पानें परत करूं नयेत; तो पोवाडा कोणत्या रात्रीच्या बेतांत, कशाच्या शेजारीं गाइला जात होता, हें तींच पानें सांगतात. शुद्धलेखन सुधारूं नये. अशुद्ध लेखन हा पुष्कळदां उच्चाराचा पुरावा असतो. ओळ खोडून वर दुसरी लिहिली असेल, तर दोन्हीं उतरावीं. खोडलेली ओळ म्हणजे श्रोत्यानें नाकारलेली ओळ असण्याचा संभव आहे. बाड कोणाचें, कोणत्या गांवचें, कोणाकडून शिकलेलें, हें पहिल्या पानावरच टिपावें. आणि गाणारा हयात असेल, तर त्याच्याकडून गद्य संभाषणांसह सबंध पोवाडा ध्वनिमुद्रित करून घ्यावा. कागदावर न उतरणारें जें कांहीं आहे, तें त्या सुरांतच आहे.

कोणी असा आक्षेप घेईल, कीं सन १६६३ चें पत्र दाखवून ‘सिंह’ या नांवाची गोड कथा मोडण्यांत काय लाभ? लाभ असा, कीं तेणेंकरून दोन तानाजी आपल्याला निरनिराळे दिसूं लागतात. एक, फुटक्या ढालीनिशीं उदेभानापुढें उभा राहिलेला. तो सभासदानें राखला. दुसरा, मुलाचा मांडव तसाच सोडून निघालेला. तो महाराष्ट्रानें आपल्यासाठीं घडविला. पहिल्यानें गड घेतला. दुसऱ्यानें, गड म्हणजे काय आणि तो कोणासाठीं घ्यावयाचा, हें ज्यांनीं सिंहगड कधीं डोळ्यांनीं पाहिला नाहीं अशा हजारों माणसांस शिकविलें. पहिल्याचा इतिहास लिहितांना दुसऱ्याची साक्ष काढूं नये. आणि दुसऱ्याचा इतिहास अजून लिहावयाचाच आहे.